बाबांचे हात उघडले तेव्हा

माझ्या वडिलांचे हात बंद पडले आणि आमच्या घरात पहिल्यांदा शांतता नांदायला लागली. हे वाक्य लिहिताना माझा हात जराही अडखळला नाही. बाप आजारी पडल्याचं मुलीला सुख वाटलं, हे वाचून ज्यांच्या कपाळाला आठ्या पडतील, त्यांनी एकदा माझ्या आईची पाठ बघायला हवी होती.

एकोणीसशे साठचं दशक सरत आलं होतं. आम्ही मूळचे रत्नागिरीकडचे. भाईंदरला मोरव्यात एका आगरी म्हातारीच्या घरातली मागची खोली भाड्याने घेऊन राहत होतो. बाबा भांड्यांच्या एका कारखान्यात पत्रा ठोकायचे. आई मुर्ध्याच्या बाजूला मिठागरावर डोक्यावरून मिठाच्या पाट्या वाहायची. मी शाळेतून आले की चूल माझ्या ताब्यात. तिघांचा संसार, त्यातला एक मारणारा, एक मार खाणारी आणि एक बघणारी.

बाबांचा हात म्हणजे हातोडाच होता. दिवसभर पत्र्यावर चालायचा आणि घरी आल्यावर आईवर. त्यासाठी दारूही लागत नसे. लोक सांगतात ना, 'प्यायला की करतो, एरवी माणूस चांगला,' तसं सांगायचीही सोय त्यांनी आम्हाला ठेवली नव्हती. भात मऊ झाला म्हणून मार, फडफडीत झाला म्हणून मार. एकदा आईने मिठागरावरून यायला उशीर केला, तर त्यांनी तिचे केस धरून तिचं डोकं दाराच्या चौकटीवर आपटलं. कपाळ फुटलं. आईने हळद दाबली आणि भाकऱ्या थापायला बसली. 'पत्रा आनि बाई ठोकल्याबिगर आकारात येत न्हाय,' असं ते कारखान्यातल्या लोकांना सांगायचे आणि ते लोक हसायचे.

आणि मग एका थंडीत त्यांची बोटं उघडेनाशी झाली.

सकाळी उठले की मुठी घट्ट मिटलेल्या असायच्या. ऊन डोक्यावर आलं की कुठे बोटं जराशी सैल व्हायची. पेरं सुजून बोरांएवढी झाली, मग मनगटं, मग कोपरं आणि खांदे. दोन्ही बाजूंना सारखंच, जणू कुणी मापून दिलं होतं. पहिले काही दिवस त्यांनी ते आईवरच काढलं. 'तू जेवनात काय घातलंस?' म्हणून मिटलेल्या मुठीनेच तिला मारलं आणि मारता मारता स्वतःच बोंबलले. गुद्दा तिच्या खांद्यावर बसला होता, पण खाली कोसळले ते. मी कोपऱ्यात उभी होते आणि मला हसू आवरत नव्हतं.

आज तोच आजार माझ्या सांध्यांत आहे. वारशात घरदार मिळालं नाही, हे मिळालं. त्यामुळे त्यांना किती दुखत असेल ते मला आता आतून कळतं. साधी पाण्याची कळशी उचलताना मनगटातून कळ येते, ती दातांपर्यंत जाते. माझी डॉक्टर माझ्या मुलीच्या वयाची आहे. तिने मला हा आजार फार चांगला समजावून सांगितला. आपल्या पेशी एकमेकींना निरोप धाडत असतात, म्हणाली. त्या निरोपांना सायटोकाइन म्हणायचं. जखम झाली, जंतू शिरला, की एक निरोप जातो: इथे शत्रू आलाय, धावा, मारा. मग रक्त धावतं, सूज येते, ऊब येते, शत्रू मरतो आणि सगळं शांत होतं. आमच्या आजारात शत्रू कुणीच नसतो. तरी निरोप जात राहतो. मारा, अजून मारा. बोलावलेल्या पेशी येतात, समोर कुणी सापडत नाही, मग सांध्याचं मऊ अस्तर सुजवतात, कूर्चा खातात, हाड कुरतडतात. आणि त्या स्वतःही तोच निरोप पुढे धाडतात, म्हणून ते थांबतच नाही.

मी तिला म्हटलं, 'बाई, हे मला नवीन नाही. शत्रू नसताना रोज मार, हे मी लहानपणी घरात बघितलंय.' तिला वाटलं मी विनोद केला.

त्या काळी यातलं काही आम्हाला ठाऊक नव्हतं. ठाऊक होता तो बिब्बा. घरमालकीण म्हातारी गावातल्या अर्ध्या लोकांच्या सांध्यांना बिब्बा लावून बसलेली. ती म्हणाली, 'आगो, बिब्ब्यानं भलीभली दुखनी पलाली. आतलं वाईट रगत भायेर आलं पायजे.' तिने बिब्बा दिव्यावर धरला, त्याचं काळं तेल सुईच्या टोकावर घेतलं आणि बाबांच्या एकेका पेरावर, मनगटावर, खांद्यावर ठिपके दिले. दुसऱ्या दिवशी बिब्बा उतला. हातभर फोड आले, फोडांतून पाणी वाहायला लागलं, आणि बाबा भिंतीला डोकं घासून ओरडायला लागले. म्हातारी खूश झाली. फोड येणं म्हणजे गुण येणं, अशी तिची पक्की समजूत. फोड सुकले, दुखणं तसंच राहिलं. मग तिने विळ्याचं टोक लाल होईपर्यंत तापवलं आणि दोन्ही मनगटांना चटके दिले. मांस जळल्याचा वास खोलीत दोन दिवस राहिला. धरायला आई होती. तीच आई, जिच्या पाठीवरचे वळ अजून पुरते गेले नव्हते. बाबांचं डोकं मांडीवर दाबून धरून ती 'झालं, झालं, आता झालं' म्हणत होती. मला तिचा भयंकर राग आला.

सूज असलेल्या जागी आणखी आग लावली की सूज पळते, हा हिशेब कुणाच्या डोक्यातून निघाला देव जाणे. आधीच 'मारा, मारा' म्हणून ओरडणाऱ्या सांध्याला आणखी एक जखम द्यायची! आगीतून फुफाट्यात. पण म्हातारीने ते प्रेमाने केलं होतं आणि ती दुसऱ्या कुणाचं ऐकणारी नव्हती.

कारखान्याने बाबांना काढलं. ते घरी बसले. आई त्यांना भरवायची, आंघोळ घालायची, लुंगीची गाठ मारून द्यायची. त्यांची जीभ मात्र शाबूत होती. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, तसं. दिवसभर शिव्या. एकदा भाजीत मीठ जास्त झालं, तर मला म्हणाले, 'तुजे हात चांगले हायत ना? घाल तिच्या थोबाडीत.' माझ्या हातात पळी होती. ती मी त्यांच्या समोरच्या ताटात अशी आपटली की भाजी त्यांच्या तोंडावर उडाली. ते काही करू शकले नाहीत. आई धावत आली आणि पदराने त्यांचं तोंड पुसायला लागली. पण त्या वर्षात तिच्या अंगावरचे सगळे वळ मावळले. तिने कासारणीकडून काचेच्या बांगड्या घेतल्या आणि त्या फुटल्या नाहीत. मला तेवढं पुरे होतं.

दुसऱ्या वर्षीच्या शिमग्याला बाबा गावी गेले. आमच्याकडे शिमग्यात देवीची पालखी निघते, घरोघर येते, आणि ती खांद्यावर घेऊन, डोक्यावर तोलून नाचवतात. त्यासाठी हातात ताकद लागते. मिटलेल्या मुठी घेऊन बाबा पालखीपुढे उभे राहिले आणि गुरवाने त्यांच्या वतीने गाऱ्हाणं घातलं: हात उघडले तर पुढच्या शिमग्याला हा तुझी पालखी नाचवील. सगळे 'व्हय महाराजा' म्हणाले. नवस झाला.

जाण्यापूर्वी म्हातारीने मनगटाला पुन्हा एक चटका दिला होता, ते परत आले तेव्हा तो चिघळला होता. त्यासाठी म्हणून आई त्यांना बाजारातल्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. मी सोबत होते. डॉक्टर मध्यम वयाचे, कमी बोलणारे. त्यांनी जखम धुतली आणि मग नुसती जखम बघून सोडलं नाही. बोटं बघितली, कोपरं वळवून बघितली, रक्त तपासायला मुंबईला पाठवलं. पुढच्या खेपेला म्हणाले, 'हा संधिवाताचा वाईट प्रकार आहे. तुमचं शरीर तुमच्याच सांध्यांवर उठलंय. का उठतं ते अजून कुणाला नीट माहीत नाही.' त्यांनी प्रेडनिसोलोन नावाची गोळी दिली. स्टेरॉइड. आणि आईकडे बघून बजावलं, 'दोन गोष्टी. ही गोळी मनाने कधीच बंद करायची नाही, जिवावर बेतेल. आणि चेहरा सुजेल, भूक वाढेल, झोप कमी होईल, माणूस चिडचिडा होईल. सांभाळून घ्या.'

चिडचिडा! मला तिथेच हसू फुटलं होतं.

गोळीने जे केलं ते मी डोळ्यांनी बघितलं. आठवडा उलटायच्या आत मुठी सुटल्या. आज माझी डॉक्टर सांगते, की स्टेरॉइड त्या सगळ्या निरोपांची तोंडं एकदम दाबतं. चांगले, वाईट, सगळेच गप्प. हल्ली मी जे इंजेक्शन घेते ते त्यातला एकच निरोप हेरून पकडतं. तेव्हा असली निवड नव्हती. गोळी घेतली की आग विझायची, एवढंच. बाबा सकाळी उठले, हाताची बोटं सरळ करून उन्हात धरली आणि बघत राहिले. डोळ्यांत पाणी होतं. मग त्यांनी स्वतःच्या हाताने कप उचलून चहा प्यायला.

त्याच दुपारी चहात साखर कमी पडली म्हणून त्यांनी आईला उलट्या हाताची लगावली. तिचं कानशील लाल झालं. तिने त्यांच्या हाताकडे बघितलं. वर्षभर जो हात तिने धुतला, पुसला, कुरवाळला, तो बरा होऊन पहिल्यांदा तिच्याकडेच आला होता.

मग ते पुन्हा सुरू झालं, आणि आधीपेक्षा वाईट. गोळीने झोप उडवली होती, भूक भडकवली होती, डोकं सदा तापलेलं. मिठागरावरून दमून आलेल्या आईला ते वाटेतच गाठायचे. तिच्या बांगड्या तिच्या मनगटातच फुटल्या, काचा मी काढल्या. एकदा त्यांनी तिचा गळा धरला. मी विळी उचलली आणि समोर उभी राहिले, तेव्हा सोडला. इकडे त्यांचा चेहरा गोल, तुकतुकीत झालेला. म्हातारी कौतुकाने म्हणायची, 'तब्येत कशी भरली बगा बाबाची.' गोळी द्यायचं काम आईचं. रोज सकाळी ती वाटीत पाणी आणि तळहातावर गोळी घेऊन त्यांच्यासमोर उभी राहायची. मी एकदा ओरडलेच तिच्यावर, 'तुला मारायला तूच त्यांना हात देतेस!' ती म्हणाली, 'मग काय करू? कण्हत बसल्याला माणूस बघवत न्हाय मला.'

ही माझी आई. तिच्यावर रागवावं की तिच्या पाया पडावं, हे मला आजवर ठरवता आलेलं नाही.

पुढचा शिमगा आला. बाबा गावी गेले आणि त्यांनी पालखी नाचवली. गाव बघत राहिला म्हणे. मिटलेल्या मुठींनी गेलेला माणूस वर्षाने पालखी डोक्यावर तोलतो, याहून मोठा पुरावा कुठला? परत आले तेच मुळी देवीचे भक्त होऊन. आले आणि गोळ्यांची बाटली मागितली.

'नवस फिटला,' म्हणाले. 'देवीनं बरं केलाय. आता गोळी खायची म्हंजे देवीला खोटी पाडायची.'

यात त्यांचा एकट्याचा मूर्खपणा नव्हता. आमच्याकडे तशी रीतच होती. नवस फिटला की औषध सोडायचं, नाहीतर देवीवर विश्वास नाही असा अर्थ होतो आणि दुखणं दुप्पट होऊन परततं. कितीतरी जणांनी तसं सोडलं होतं आणि त्यांना काही झालं नव्हतं, कारण त्यांची औषधं साधी होती. आई बाटली देईना. म्हणाली, 'डॉक्टरांनी सांगितलाय, मनानं बंद करायची न्हाय. जिवावर बेततं.' बाबांनी पुन्हा तिचा गळा आवळला आणि पोटात लाथ घातली. ती वाकली, बाटली हातातून पडली. ते ती घेऊन खाडीवर गेले, नारळ फोडला आणि नारळाबरोबर बाटली पाण्यात भिरकावली. गरज सरो, वैद्य मरो. देव मात्र राहिला.

दोन-तीन दिवस ते छाती काढून हिंडले. मग सांधे पेटले, आधी कधी पेटले नव्हते असे. पाठोपाठ उलट्या, ताप. उभे राहिले की भोवळ यायची. शेवटी भर दुपारी ते अंथरुणावर राखेसारखे पडले. ओठ पांढरे, अंग गार घामाने भिजलेलं, हाक मारली तर डोळे अर्धवट उघडायचे. म्हातारी म्हणाली, देवीचा कोप. आईला कळलं की हा गोळीचा कोप आहे.

ती उंबऱ्यावर बसली. पोटात बसलेल्या लाथेमुळे तिला अजून सरळ चालता येत नव्हतं. मी तिच्यासमोर जाऊन बसले आणि सरळ म्हणाले, 'जाऊ नको.' पुन्हा म्हणाले, 'आई, जाऊ नको. त्यांनी स्वतःच्या हाताने फेकलंय. तू काही केलेलं नाहीस. नुसती बसून राहा.' त्या वेळी मला मनापासून वाटत होतं की त्या माणसाने मरावं. मी ते लपवत नाही आणि मला त्याची खंतही नाही. घरात आम्ही दोघी जगणार होतो किंवा ते एकटे, मी आम्हा दोघींच्या बाजूने होते.

आईने माझ्याकडे पाहिलं. मग भिंतीला धरून उठली, पदर खोचला आणि पोट दाबत बाजाराच्या दिशेने चालायला लागली.

डॉक्टर तिच्यासोबतच आले. नाडी बघितली आणि मिनिटभरही न घालवता शिरेत स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलं, सलाइन लावलं. नंतर आम्हाला समजावलं. आपलं शरीर स्वतःचं स्टेरॉइड रोज थोडं थोडं बनवत असतं, त्यावर आपण उभे असतो. गोळीतून आयतं मिळायला लागलं की शरीर ते बनवणं सोडून देतं. मग गोळी एकदम तोडली की आतलंही नाही आणि बाहेरचंही नाही. 'अजून थोडा उशीर झाला असता तर गेले असते,' डॉक्टर म्हणाले. मी आईकडे बघितलं नाही.

चालता यायला लागल्यावर आम्ही बाबांना दवाखान्यात नेलं. गोळी पुन्हा सुरू झाली होती, पण कमी. बाबा खुर्चीवर बसले, आई त्यांच्या मागे, मी दाराशी. डॉक्टरांनी सांधे तपासले आणि म्हणाले, 'आता मात्रा ठरवायची. जास्त दिली तर हात पहिल्यासारखे चालतील, पण पुढे हाडं ठिसूळ होतील, साखर वाढेल. कमी दिली तर थोडं दुखणं राहील, पण ते सोसण्यासारखं असेल.'

'जास्त द्या,' बाबा म्हणाले. 'मला कामावर जायचाय.'

तेव्हा आई बोलली. नवरा बसलेला असताना त्याच्या डोक्यावरून परक्या पुरुषाशी बोलताना मी तिला कधी ऐकलं नव्हतं.

'डॉक्टर,' ती म्हणाली, 'घास तोंडापरेंत जाईल येवढीच गोळी द्या त्यास्नी. हात माज्यापरेंत पोचंल येवढी नको.'

डॉक्टरांनी वर पाहिलं. त्यांना काही उमगेना. आईने पदर बाजूला केला आणि मान वर करून गळा दाखवला. बोटांच्या खुणा पिवळ्या पडल्या होत्या, पण मोजता येत होत्या.

'सटवे!' बाबा उसळून उठले आणि त्यांनी हात उगारला. तिथेच, डॉक्टरांच्या देखत. कोपर वळलं, मूठ हनुवटीपर्यंत आली, पण खांदा वर जाईना. त्यांनी दात आवळून जोर लावला. हात तसाच तोंडासमोर अडकून राहिला. आई जागची हलली नाही. तिने तोंडही चुकवलं नाही.

डॉक्टरांनी त्या हाताकडे पाहिलं. कोपर बघितलं, खांदा बघितला. मग खाली बसून लिहायला लागले.

'सध्याचीच मात्रा ठेवू,' म्हणाले. 'हात तोंडापर्यंत जातोय.'

कुणी म्हणेल, डॉक्टरांनी एका माणसाला दुखण्यात ठेवलं. ठेवलं. बाबा त्या मात्रेवर पुष्कळ वर्षं जगले. थोडं कण्हायचे, पण स्वतःच्या हाताने जेवायचे. कारखान्यात परत गेले नाहीत. आईच्या मिठावर घर चाललं. दर महिन्याला ती त्यांना दवाखान्यात न्यायची. डॉक्टर आधी बाबांना विचारायचे, 'दुखतंय का?' ते 'दुखतंय' म्हणायचे. मग डॉक्टर आईकडे वळून विचारायचे, 'आणि हात पोचतो का?'

आई 'नाही' म्हणायची, आणि ते गोळी तेवढीच लिहून द्यायचे.